बासष्ट वेळा 'नाही'

मावशींचं तोंड कधी बंद नसायचं, आणि त्यांनी वीस वर्षं पोट भरलं तेही ह्याच तोंडावर. साबण कुठला वापरता, टूथपेस्टला फेस पुरेसा येतो का, असले प्रश्न घेऊन त्या दारोदार फिरायच्या. ज्या घरात कुत्रा सोडायची धमकी मिळायची, त्याच घरातून अर्ध्या तासाने सरबत पिऊन बाहेर पडायच्या. धंद्यातली एक खुबी त्यांच्या अंगवळणी पडली होती. 'आपलं वय किती?' हा प्रश्न आला की बायका बिथरायच्या, आणि पुरुष तर दुप्पट. म्हणून तो विचारता विचारताच शाम्पूची पुडी पुढे सरकवायची. माणूस पुडी उलटसुलट करून बघतो, तोंडाला येईल तो आकडा सांगतो आणि मोकळा होतो. रकाना भरला, चला पुढच्या घरी.

साबणवाल्यांनी सगळी चौकशी फोनवर सुरू केली तेव्हा मावशी एका संशोधन केंद्रात लागल्या. तिथे तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांच्या मनाचा अभ्यास चालला होता. शाळेत जायचं, पालकांनी सही दिलेल्या मुलाला एका खोलीत समोर बसवायचं आणि चौतीस प्रश्न विचारायचे. झोप, भूक, मित्र, राग, एकटेपणा. एकोणिसावा प्रश्न असा: 'गेल्या वर्षभरात तू मुद्दाम स्वतःला इजा केली आहेस का?' नियम कडक होते. प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा, पदरचा शब्द घालायचा नाही, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. शिकवणी दोन दिवस चालली. मावशी मागच्या बाकावर बसून मान डोलवत होत्या. "वीस वर्षं मी काय माशा मारल्या?" असं त्यांनी शेजारणीला ऐकवलंसुद्धा.

पोरांना मावशी भलत्याच आवडल्या. तीन शाळा, बासष्ट मुलाखती, एकही अर्धवट नाही. केंद्रात एक तरुण मुलगी दिवसभर कानाला यंत्र लावून ह्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग तपासायची. मावशींनी तिचं नाव 'कानवाली' ठेवलं होतं. सोमवारी सकाळी ही कानवाली मावशींना घेऊन थेट अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. मावशींना वाटलं, आता कौतुक होणार. त्यांनी जाता जाता केसही नीट केले.

"मावशी, एकोणिसाव्या प्रश्नाला तुमच्या बासष्टच्या बासष्ट मुलांनी 'नाही' म्हटलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग चांगलंच आहे की! गुणी आहेत माझी पोरं."

"त्याच शाळांत, त्याच वर्गांत मुलाखती घेणाऱ्या बाकीच्यांना 'हो' मिळालेत. प्रत्येकाला मिळालेत."

कानवालीने बटण दाबलं. खोलीत मावशींचाच आवाज घुमला: "आता हा एक प्रश्न आहे बाळा, विचारायचा म्हणून विचारते हं, घे ना बिस्किट, लाजतोस काय, स्वतःला इजाबिजा काही... नाही ना? हां! आता सांग, वर्गात मित्र किती?" मधे पुड्याची चुरचुर. मग कुरुम कुरुम.

कानवालीने दुसरी मुलाखत लावली, मग तिसरी. तेच. एकोणिसावा आला की आवाज खाली, बिस्किट पुढे. पोरांचं तोंड भरलेलं. बिचारी कसंबसं 'अंहं' म्हणायची. मावशींना पहिल्यांदा हसू आलं, मग कान तापले. चौथ्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र कुरुम कुरुम ऐकू आलं नाही. मग एका मुलीचा आवाज आला: "मी..."

"घे गं, क्रीमचं आहे," टेपमधल्या मावशी म्हणाल्या.

"काही नाही," मुलगी म्हणाली.

ही एक्केचाळीस नंबरची मुलाखत. नावं कागदावर नसायची, नंबरांची यादी फक्त डॉक्टरीणबाईंकडे असायची, पण मावशींना पोरगी लख्ख आठवली. नववीतली, उंच. जाताना टेबलावरचा चुरा तिने हाताने गोळा करून टोपलीत टाकला होता. मावशींनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंही होतं, काय वळण आहे हो मुलीला! आता त्यांना उमगलं. ती सांगणार होती, आणि आपण तिच्या तोंडाला कुलूप घातलं.

"शाळेतल्या समुपदेशक बाईंना मी शुक्रवारीच फोन केला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांनी चौकशी केली. पोरगी म्हणते, सगळं ठीक आहे. मावशी, तुम्ही असं का करता?"

मावशी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "भीती वाटते हो. एवढीशी पोरं. त्यांच्या मनात नसलं आणि माझ्या विचारण्याने शिरलं तर?"

"विचारल्याने शिरत नाही. ह्यावर पुष्कळ अभ्यास झालाय. असलं तर सांगायला मिळतं, एवढंच. बासष्ट मुलाखती पुन्हा घ्याव्या लागतील. मी दुसऱ्या कुणाला पाठवते."

"बाकीच्यांना कुणालाही पाठवा. एक्केचाळीस मी घेणार." मग मावशींचा आवाज एकदम खाली आला. "तिला एकदा गप्प केलंय मी. आता तिने कायमचं तोंड मिटलं तर मला स्वतःचं तोंड बघवणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी बराच विचार केला. "बुधवारी जा. पण त्याआधी हा प्रश्न सरळ विचारून मला दाखवायचा. नाही जमलं, तर मी जाईन."

मावशींचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी तो हातपाय धुऊन टेकतोय न टेकतोय तोच मावशी कागद घेऊन समोर बसल्या. "गेल्या वर्षभरात तुम्ही मुद्दाम स्वतःला इजा केली आहे का?"

"वर्षभरातच ना? मग लग्न धरायचं नाही."

"थट्टा नको! उत्तर द्या. नाही ना?"

"हे बघ," तो म्हणाला, "तू विचारतेस कुठे? तूच विचारतेस आणि तूच उत्तर देतेस. मी कशाला बसलोय इथे?"

मावशी फणकारल्या, पण पुन्हा विचारलं. तीन सेकंदांत त्यांचं तोंड उघडलं. पुन्हा. ह्या वेळी चार सेकंद. थांबणं हे असलं जीवघेणं काम असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी युक्ती निघाली: प्रश्न विचारायचा आणि चपलेतल्या चपलेत पायाची बोटं एकेक करून दाबायची. दहा झाली की परत अंगठ्यापासून. नवरा बिचारा त्या संध्याकाळी चाळीस वेळा इजा करून बसला असेल. मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि होकाराची मान डोलावली.

बुधवारी शाळेच्या वाचनालयामागच्या खोलीत ती मुलगी आली. मावशींनी आधी कबुलीच दिली. "मागच्या वेळी मी प्रश्न नीट विचारले नाहीत. चूक माझी. पुन्हा विचारले तर चालेल?"

"सगळे?"

"सगळे. आणि आधीच सांगते, तू बोलशील ते गुप्त राहील. पण तुझ्या जिवाची काळजी वाटली, तर एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल. तुला कळवूनच सांगेन."

मुलीने खांदे उडवले आणि बसली. अठरा प्रश्न सरळ गेले. मग मावशींनी मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि कागदावरचं वाक्य कागदावर होतं तसंच विचारलं.

बाहेर मैदानावर कोणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं. मावशींची दहा बोटं झाली. वीस झाली. ओठांवर आलेले 'नाही ना' त्यांनी दोनदा गिळले.

"हो," मुलगी म्हणाली.

पुढचा प्रश्न होता, शेवटचं कधी. "परवा."

मावशींनी मनात हिशेब केला. सोमवारी, त्या स्वतः डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या होत्या त्याच दिवशी. त्यांनी पेन खाली ठेवलं. नियमच तसा होता, इथे प्रश्न थांबवायचे. "सांगितलंस, बरं केलंस."

"मागच्या वेळी पण सांगणार होते. तुम्हाला घाई होती."

"घाई नव्हती गं. घाबरले होते मी."

मुलीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही?"

"हो, मी. एवढी मोठी बाई."

"मला पण भीती वाटते," ती म्हणाली आणि रडायला लागली. मावशीही रडल्या. नियमात ते बसत नव्हतं, पण त्याची नोंद पुढे कानवाली करणारच होती.

दोघी मिळून समुपदेशक बाईंच्या खोलीपर्यंत चालत गेल्या. पोरगी आत गेली, आईला फोन झाला. तासाभरात आई कामावरून तशीच धापा टाकत आली, गळ्यात कामावरचं ओळखपत्र. समुपदेशक बाईंनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आत जायच्या आधी ती बाकावर मावशींशेजारी मटकन बसली.

"मी रोज चौकशी करते हो तिची. जेवलीस का, अभ्यास झाला का. माझ्याजवळ का नाही बोलली?"

"माझ्याजवळ बोलायला आली होती. मी बोलू दिलं नाही," मावशी म्हणाल्या. खोटा दिलासा द्यायला त्यांची जीभ वळेना.

"मग आज काय केलंत?"

"विचारलं. आणि थांबले."

"आता मी काय बोलू तिच्याशी?"

"ते त्या बाई सांगतील, त्यांना त्यातलं कळतं. पण लगेच बोलायलाच हवं असं नाही."

आईने ओढणीने तोंड पुसलं आणि आत गेली. दार पुरतं लागलं नव्हतं. मावशी उठून जिन्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आतून बराच वेळ कोणाचाच आवाज आला नाही. मग पोरगी बोलायला लागली.