अर्धा आकडा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी सिंदी रेल्वे या गावातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होतो. सरकीचा ढीग आतून तापून पेटू नये म्हणून मालकांनी त्यात उष्णता मोजणारी मायक्रोकंट्रोलरची डबी बसवली होती. तिचे आकडे वायरीतून संगणकावर येत आणि पडद्यावर रेघ उमटे. पण रेघ सारखी कोसळायची, म्हणून आम्ही तिकडे बघणंच सोडलं होतं.

नागपूरहून एक बाई दुरुस्तीला आल्या. त्यांचं नाव मी विचारलंच नाही. पदर खोचून बसल्या त्या, चहा निवून गेला तरी मान वर नाही.

मालक वैतागले, "राहू द्या बाई. फेकून देतो हे डबडं."

"काऊन फेकता? डबी खरं बोलून राह्यली," त्या म्हणाल्या. "बेचाळीसातला चार आला का तुमचा प्रोग्राम लगेच रेघ ओढते. आकडा पुरा तं येऊ द्या!"

त्यांनी प्रोग्रामला आकडा संपल्याची खूण येईपर्यंत थांबायला लावलं. रेघ कोसळायची थांबली आणि हळूहळू वर चढू लागली. मी सुटकेचा निःश्वास सोडला. बाई मात्र उठून थेट ढिगाकडे गेल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"फावडे आणा," त्या म्हणाल्या.

आतली सरकी वाफाळत होती. आम्ही ढीग उपसून पसरत राहिलो. नागपूरची गाडी निघून गेली, तरी बाईंच्या हातातलं फावडं थांबलं नव्हतं.