मोकळ्या मुलीला दिलेला पास

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मी सगळ्यांत उंच होते आणि माझा नेम सहसा चुकत नसे. त्यामुळे मी मैदानात असले की सामना आपलाच, असं सगळे धरून चालायचे. निगडीत अंतिम सामना होता तेव्हा मला ताप होता. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तू नुसती उभी राहिलीस तरी पुरे."

समोरच्या संघाने दोघीजणी माझ्यावरच लावल्या होत्या. शेवटचे काही सेकंद उरले आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू माझ्याकडे आला, पण त्या दोघी अंगावर होत्या. बास्केटखाली आमची एक मुलगी एकटीच उभी होती. मी तिला पास दिला. तिचा चेंडू रिंगवर आपटून बाहेर गेला.

"तू स्वतः का नाही मारलास?" सरांनी मला सगळ्यांदेखत विचारलं.

घरी जाताना वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून मी रडले. ते चाकणजवळच्या गावातले, कबड्डी खेळलेले.

"ती पोरगी मोकळी व्हती का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बराबर केलंस."

पुढच्या वर्षी सरांना माझ्याहून उंच मुलगी मिळाली आणि सगळे तिच्याकडे बघू लागले. पहिल्या सामन्याआधी ती बेसिनपाशी उलट्या करत होती. मी तिची पाठ चोळली आणि म्हणाले, "बाहेर आम्ही आणखी चौघी आहोत."