कामण्णाला दिलेली लाकडं

धारवाड स्टेशनवर उतरलो तेव्हा गावात शिमग्याची हलगी वाजत होती आणि मी खुशीत होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढं तसा प्रसंग आला नाही.

पुण्याच्या कॉलेजातला माझा सोबती गुंडू इथं शाळामास्तर आहे. घर केलगेरीच्या तळ्याकडं जाणाऱ्या वाटेवर. घरात तो आणि त्याचे वडील, अप्पा. जन्मात शेजारून विरजणसुद्धा मागितलं नाही, हा अप्पांचा अभिमान. पहिल्या जेवणालाच तो त्यांनी मला दोनदा सांगितला.

दुसऱ्या दिवशी बापलेक नातलगांकडं हुबळीला गेले. मी होळिगी (पुरणपोळी) चापून ओसरीवर आडवा झालो होतो, तोच गरडीतले (तालमीतले) गडी हलगी बडवत दारात आले. इथं गल्लोगल्ली काम-रतीच्या मूर्ती बसवतात, मग कामण्णाला जाळतात आणि त्याच्या नावानं खोटं खोटं रडतात.

"कामण्णगं कट्टिगी कोडरी!" (कामण्णाला लाकडं द्या हो!)

परसात पत्र्याखाली लाकडं नीट रचलेली होती, वर कोळिष्टकं. मी म्हटलं, "न्या सगळी!" हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला माझं काय जात होतं? गड्यांनी माझा जयजयकार केला आणि मी फुगलो.

संध्याकाळी अप्पा परत आले आणि पाय धुवायला परसात गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही.

"गुंडू, माझी लाकडं कुठं गेली की रे?"

मी फुशारकीनं सांगितलं. गुंडूचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "अरे, ती अप्पांनी स्वतःसाठी ठेवलेली. शेवटची, सरणाची. या महायुद्धामुळं सरपण मिळंना झालंय. आपल्यासाठी कुणाच्या दारात मागायला जायला नको, म्हणून अळणावरहून थोडी थोडी आणून जमवलेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती परत आणायला मी निघालो, तर अप्पांनी मनगट धरलं.

"कामण्णाला दिलेलं परत मागत नाहीत बा. इरली बिडो (असू दे, सोड). त्याचा नंबर आधी लागला, एवढंच."

पहाटे होळी पेटली. गडी तोंडावर हात मारून कामण्णासाठी गळे काढत होते. अप्पा शाल पांघरून माझ्या शेजारी उभे होते.

"छान पेटलीत की," ते म्हणाले. "तीन उन्हाळे वाळवलेली."

मी रडलो. त्या गोंधळात माझं रडणं कुणाला वेगळं कळलं नाही.

परतीच्या वाटेवर अळणावरला गाडी थांबली. स्टेशनालगत लाकडांचे ढीगच्या ढीग होते. मी खिडकीकडं पाठ करून बसलो.

आषाढात गुंडूचं कार्ड आलं. "अप्पा गेले. चार दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती, कोरडं लाकूड कुठंच मिळेना. शेवटी गरडीतलेच गडी हलगी न घेता घरोघर फिरले. कुणी दोन फाटी दिली, कुणी जुना पाट. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला कसं लावून घेऊ नको? शेजारून कधी विरजणही न मागितलेल्या माणसासाठी दारोदार लाकडं मागावी लागली, ती माझ्या उदारपणामुळं.