एमेट हॅगर्टीचा उजवा खांदा

डेल्फीन गापिन्स्की दर उन्हाळ्यात बेसबॉल बघायला शिकागोला जाते, असं आमच्या मिलवॉकीत सगळे म्हणायचे. कसलं बेसबॉल नि काय! खेळ तिला इथेच, घरापासून दहा मिनिटांवर, चांगल्या सावलीतल्या खुर्चीत बसून बघता आला असता. ती जायची एमेट हॅगर्टीसाठी. त्या माणसाची एकदा तरी चारचौघांत फजिती व्हावी आणि ती आपण डोळे भरून बघावी, एवढ्यासाठी ही बाई चर्चच्या बसमध्ये बसायची, मांडीवर सँडविचचा डबा ठेवायची आणि परक्या गावात जाऊन उन्हात भाजून यायची.

डूख धरावा असं घडलंही होतं. तिचा नवरा नॉर्बर्ट बिअरच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात होता. अबोल माणूस. कामावरून आला की बूट काढायचा, रेडिओ लावायचा आणि आपल्या संघाचा खेळ ऐकत बसायचा. बायकोवर त्याने कधी आवाज चढवला नाही आणि पंचांवरही नाही. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एकदाच तो हौसेने म्हणाला, "चल, शिकागोला जाऊ. त्यांच्या गावात जाऊन त्यांना हरवताना बघू." तिथे कुंपणामागच्या उघड्या बाकांवर दोघं बसले. अंगात आपल्या संघाचे पिवळे शर्ट, भोवती सगळी निळी गर्दी.

त्या बाकांवरच्या लोकांचा एक रिवाज आहे. पाहुण्या संघाने टोलवलेला चेंडू कुंपण ओलांडून बाकांवर आला, तर तो कोणी घरी न्यायचा नाही, मैदानात परत फेकायचा. शत्रूचा चेंडू म्हणजे विटाळच जसा. आता आमच्या फलंदाजाने मारलेला चेंडू नेमका नॉर्बर्टच्याच हातात येऊन पडला. त्याने तो दोन्ही हातांत धरला, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा. सगळा स्टँड ओरडायला लागला, "फेक! फेक!"

"हा आमचा आहे," नॉर्बर्ट म्हणाला. पण इतक्या हळू म्हणाला की ते फक्त डेल्फीनला ऐकू गेलं.

तेवढ्यात मागून एक दांडगा हात आला. त्याने चेंडू हिसकावला आणि असा भिरकावला की तो थेट मैदानाच्या मध्यावर जाऊन पडला. लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. त्या हाताचा मालक एवढ्यावर थांबला नाही. त्याने नॉर्बर्टची टोपी उचलली, उलटी करून परत त्याच्या डोक्यावर ठेवली आणि वर दोन टपल्या मारल्या. हाच एमेट हॅगर्टी.

नॉर्बर्ट हसला. टोपी काढून त्याने ती लोकांना दाखवत हलवली. "वा, गडी दिलदार आहे!" असं कोणीतरी म्हणालंही. त्याचे कान लालबुंद झाले होते आणि खाली बसल्यावर त्याने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते, हे फक्त बायकोने पाहिलं. त्यानंतर तो कुठल्याच मैदानावर गेला नाही, अगदी आमच्या मिलवॉकीच्याही नाही. "बाकावर पाठ दुखते," म्हणायचा. रेडिओवर खेळ ऐकायचा, पण चेंडू कुंपणापार गेला की उठून पाणी प्यायला जायचा. एका हिवाळ्यात अंगणातला बर्फ काढता काढता तो गेला.

पुढच्याच उन्हाळ्यात डेल्फीन शिकागोला गेली आणि एमेटला शोधून काढून त्याच्या शेजारी जाऊन बसली. शोधायला कष्ट पडले नाहीत. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला तो गडी त्या स्टँडचा राजाच होता. भोंग्यासारखा आवाज. निम्मी गर्दी त्याला एमेटकाका म्हणायची. शत्रूचा चेंडू आजूबाजूला कुठेही पडला, तरी लोक तो आणून त्याच्या हातात द्यायचे. काका फेकणार, मग जल्लोष. तिने त्याला सगळी हकिगत सांगितली. नवऱ्याचं नाव सांगितलं, टोपीचं सांगितलं.

एमेटने डोकं खाजवलं. "कोण नॉर्बर्ट? अहो बाई, असे किती जणांचे चेंडू फेकले असतील मी. सगळ्यांची नावं लक्षात ठेवायला मी काय पाद्री आहे?"

हे तिच्या जिव्हारी लागलं. त्याला आठवलं असतं आणि तो दात काढून हसला असता, तर चार शिव्या हासडून ती घरी आली असती आणि विषय मिटला असता. पण विसरला? माझ्या माणसाची उरलेली सगळी वर्षं नासवली आणि हा मेला विसरला? त्या दिवसापासून तिने मनाशी पक्कं केलं. ह्याला आठवेल असं काहीतरी झाल्याशिवाय मी मरणार नाही.

मग दर उन्हाळ्यात तीच जागा, तोच शेजार. एमेटला वाटायचं, ही मैत्री आहे. बावळट! लांबून पिवळा शर्ट दिसला की ओरडायचा, "आली गं बाई वैरीण! तुमच्या गावचं चीज आणलंस का, की नुसतीच आलीस?"

"आणलंय. पण ते माणसांसाठी आहे."

सॉसेजवर केचप घालणं शिकागोच्या लोकांना अजिबात खपत नाही. म्हणून ती मुद्दाम त्याच्यासमोर सॉसेज घ्यायची आणि वर लालभडक केचपचा पूर ओतायची.

"अगं, चांगल्या घरातली ना तू? लाज वाटू दे जरा!"

"बघवत नसेल तर डोळे मीट," असं म्हणून ती त्याच्याकडे बघत बघत घास घ्यायची.

तो खो खो हसायचा. गर्दी असली की तिच्या जागेवर आपलं जाकीट टाकून ठेवायचा. बसमध्ये तिच्या शेजारी बसणारी बर्निस एकदा म्हणाली, "डेल्फीन, किती वर्षं झाली. आता तरी सोड की त्याला."

"तू सोडलंस का तुझ्या नणंदेला?"

बर्निसने तोंड मिटलं ते शिकागो येईपर्यंत.

ते शेवटचं वर्ष. डेल्फीन सत्तरीला आलेली, एमेट तर त्याच्याही पुढे. ती जाऊन बसली आणि तिच्या ध्यानात आलं की हा सगळं डाव्या हातानेच करतोय. बिअर डाव्या हाताने, टोपी डाव्या हाताने. डाव्या पंजावर चेंडू झेलायचा नेहमीचा कातडी हातमोजा चढवायचा होता, तर तो त्याने गुडघ्यांत धरून आत हात घुसवला.

"उजव्याला काय झालं?"

एमेटने मागे-पुढे बघितलं आणि तोंड तिच्या कानाशी आणलं. "कोणाला बोलू नकोस. खांद्यात लोखंड घातलंय डॉक्टरने. हात खांद्याच्या वर जात नाही. शर्टसुद्धा लेक घालून देते."

"आणि चेंडू आला म्हणजे?"

"येतोय कशाला! तुमच्या पोरांच्या फटक्यात दम आहे कुठे?" तो हसला, मग आणखी जवळ सरकला. "खरं सांगू? भीती वाटते गं. इथे माझी किंमत त्या हाताची. ह्यांना कळलं ना, तर उद्या मला म्हातारा म्हणून बाजूला बसवतील. ह्यांच्यातल्या कोणाशी बोलता येत नाही. तू बरी, परकी."

डेल्फीनने डब्यातली खारवलेली काकडी काढून त्याच्या हातावर ठेवली. दया आली म्हणून नाही हो! आनंद तोंडावर दिसू नये म्हणून तिच्या हातांना काहीतरी काम हवं होतं. ओरडून सगळ्यांना सांगावं, असंही एकदा तिच्या मनात आलं. पण ते चुगलीसारखं झालं असतं. तिने मनातल्या मनात कुमारी मेरीला साकडं घातलं, की आई, आज एक चेंडू इकडे पाठव. एकच.

खेळ निम्म्यापुढे गेला. आमचा एक जाडमानेचा फलंदाज आला आणि पहिल्याच चेंडूवर त्याने असा काही तडाखा दिला की आवाजावरूनच कळलं. चेंडू वर गेला, सूर्यात दिसेनासा झाला आणि सरळ त्यांच्या बाकाकडे उतरायला लागला. लोक उठले. एमेटने विचार केलाच नाही. इतक्या वर्षांची सवय, डावा हात आपोआप वर गेला आणि मोज्यात थप्पकन चेंडू बसला.

स्टँड नुसता पेटला. "काका! काका! फेक! फेक!"

एमेटचा चेहरा पांढरा पडला. त्याने मोज्यासकट चेंडू डेल्फीनच्या पोटाशी आणला. "हिसकाव," तो पुटपुटला. "माझ्या हातातून हिसकाव आणि पर्समध्ये टाक. घरी ने. लोक तुला शिव्या देतील, पण माझं निभेल. तू वैरीण आहेस, तुला शोभेल. लवकर गं!"

ह्याच्या हातून चेंडू हिसकावायचा, हे स्वप्न तिने कितीदा पाहिलं होतं! तिने हात घातला आणि चेंडू काढून घेतला. आणि तेव्हाच तिला उमगलं, की आता हा आपण ठेवला तर सुटणार हा. ह्याच्या तोंडावर सुटकेचं हसू आलेलंसुद्धा होतं.

तिने त्याचा उजवा हात धरला, चेंडू त्या हातात ठेवला आणि वरून त्याची बोटं एकेक करून मिटली.

"फेक, एमेट. रिवाज आहे ना तुमचा?"

"डेल्फीन…"

"फेक."

ती खाली बसली. आता फक्त तोच उभा. त्याने हात मागे नेला. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. चेंडू कसाबसा सुटला, चार बाकं खाली जाऊन आपटला आणि लोकांच्या पायांतून घरंगळत गेला.  मग पहिल्यांदा एक जण हसला आणि मग सगळाच स्टँड. "काका, जेवून येऊन फेका!" "अरे, खुर्ची द्या रे काकांना!" खालच्या बाकावरच्या एका मुलीने चेंडू उचलला. एका हातात आइस्क्रीम तसंच धरून तिने दुसऱ्या हाताने तो सहज मैदानात भिरकावला. एमेटसाठी व्हायचा तो जल्लोष तिच्यासाठी झाला.

एमेट हसला. टोपी काढून त्याने ती लोकांना दाखवत हलवली. "वा, काका दिलदार आहेत!" कोणीतरी म्हणालं. त्याचे कान लालबुंद झाले होते. खाली बसल्यावर त्याने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. डेल्फीनने हे सगळं सावकाश, एकही गोष्ट न सोडता पाहिलं.

"मी तुला विश्वासाने सांगितलं होतं," तो म्हणाला.

"मी कुठे कोणाला बोलले? नॉर्बर्ट गापिन्स्की. आता राहील लक्षात?"

"राहील," एमेट म्हणाला. तो खेळ संपायच्या आतच उठून गेला.

तिने डबा उघडला आणि सगळं सँडविच खाल्लं. कित्येक वर्षांत अन्न इतकं गोड लागलं नव्हतं. उगाच खोटं कशाला सांगा, तिला फार बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये तिने बर्निसला सगळं साग्रसंगीत सांगितलं. तो हात कसा अडला, ते करूनही दाखवलं. बर्निस पोट धरधरून हसली. मग डोळे पुसता पुसता म्हणाली, "पण काय गं, चेंडू तुझ्या हातात होता ना? घरी ने म्हणत होता ना तो?"

"हो."

"मग आणायचास की! नॉर्बर्टच्या थडग्यावर ठेवला असता."

 डेल्फीनने मांडीवरच्या डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. एवढी वर्षं एमेटच्या हाताचा विचार केला, खांद्याचा केला, कानांचा केला. चेंडूचा एकदाही मनात आला नाही. आणि नॉर्बर्ट तर त्या दिवशी एवढंच म्हणाला होता, हा आमचा आहे. ऐकलं होतं फक्त तिनेच.

"गप बस, बर्निस," ती म्हणाली.

बर्निस केव्हाची गप्पच होती.