मिरचीचं अंडं

अंड्यांची टरफलं मी कोंबड्यांना घालत होतो. अख्खी, न कुटता, आत चिकटलेल्या बलकासकट. भुसावळच्या मालधक्क्यावर कुणीतरी सांगितलं होतं की त्यानं कोंबडीची हाडं भक्कम होतात. माझं कोंबडीशास्त्र तिथं सुरू झालं आणि तिथंच संपलं.

रेल्वेची नोकरी सोडून आम्ही सोनगीरजवळ बायकोच्या माहेरगावी शेती करायला आलो होतो. गाव तिला ‘टेसनवाली’ म्हणे. ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. शेजारच्या अक्कांनी आपली खुडूक कोंबडी बसवायला दिली, होतील त्यातली निम्मी पिल्लं त्यांची या बोलीवर, तेव्हा बायकोनं पदर खोचला. “अकरा अंडी हवीत मला. मग बघू कोण टेसनवाली म्हणतं ते!”

पण अंडी जमेनात. आमच्या चारही कोंबड्या अंडं घातल्याचा गाजावाजा करत. आम्ही धावत जाईपर्यंत खुराड्यात ओला गवताचा कचरा तेवढा उरे. आठवड्यात टोपलीत दोन अंडी. तिकडे खुडूक कोंबडी रिकाम्या डालग्यात बसून होती. तिचा खुडूकपणा उतरला की सगळं मुसळ केरात.

एका सकाळी अक्कांच्या नवऱ्याचा, म्हणजे नानांचा, कुत्रा आमच्या कुंपणाशी मिशा चाटताना दिसला. मला एवढा पुरावा पुष्कळ झाला. पिल्लांत अक्कांचाही निम्मा वाटा आहे, तेव्हा नाना आपलंच नुकसान कशाला करतील, हा विचार मनात आला होता. रागाच्या भरात मी तो विचार हाकलून दिला.

नानांचे बैल विहिरीवर आमच्या बांधावरून जात. तिथं मी बाभळीच्या काट्या रचल्या. नाना बैल लांबून नेऊ लागले. ते भांडायला येईनात, म्हणून मी जास्तच पेटलो.

मग मी टोपलीतलं एक अंडं घेतलं. दाभणानं भोक पाडून रिकामं केलं, आत कुटलेली लवंगी मिरची भरली आणि भोक कणकेनं बुजवलं. मालधक्क्यावर एवढं मन लावून मी कधी काम केलं नव्हतं. ते खुराड्यात ठेवलं आणि कुत्र्याची किंकाळी ऐकायला कान लावून बसलो.

किंकाळी आली नाही. अंडं मात्र गेलं. कुत्रा नानांच्या ओट्यावर पाय ताणून झोपलेला.

टोपलीतलं शेवटचं अंडंही मी घेतलं. मिरच्या दुप्पट. या वेळी भर दुपारी कडब्याच्या गंजीआड दबा धरला. थोड्या वेळानं माझी लाडकी तांबडी आली. तिनं दोन टोच्यांत अंडं फोडलं, मिरची लाडूसारखी खाल्ली, चोच मातीला पुसली आणि माझ्याकडे बघितलं, आणखी आहे का म्हणून.

तिचे पाय धरून मी तसाच नानांकडे निघालो. माझ्याच काट्यांत माझंच धोतर टरकलं. मागून बायको रिकामी टोपली घेऊन. तिनं थेट अक्कांपुढे टोपली धरली. अक्कांनी घरातली अकरा अंडी मोजून टाकली. म्हणजे कोंबडी त्यांची, अंडी त्यांची, आमची फक्त टोपली.

“नाना,” मी म्हणालो, “विळा आणा. अंडी हीच खात होती. हिला आत्ता कापायची.”

नानांनी तांबडीकडे पाहिलं, मग माझ्या फाटक्या धोतराकडे.

“टरफलं कोण घाले तिले?”

“मीच.”

“कुटीसन का आखी?”

“आखी.”

“मंग ती बिचारीले काबर कापतस?” नाना म्हणाले. “आखी टरफलं घालीसन चोरी तिले तुम्हीच शिकाडी. कापानं व्हई ते तुम्हले कापो!”