बसून गवत कापायची गाडी

माझ्यासारख्यानं कुणाविषयी लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं कुठं चुकतंय हे सांगायला घरात कुणी नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी न घाबरता सांगतो. डहाणूपासून तलासरीपर्यंत माझ्या मोठ्या मामासारखा माणूस दुसरा नाही. बंद पडलेली वस्तू बंद आहे, हे त्याला आजवर पटलेलंच नाही. "मेलेलं नाय, दमलेलं हाय," असं म्हणून तो कुणाचंही भंगार उचलून आणतो. सायवनजवळच्या त्याच्या घराच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते. एकदा त्यानं एक पंखा इतका मनापासून दुरुस्त केला, की तो वारा खाली सोडायच्या ऐवजी वर ओढायला लागला. मामी म्हणाली, "छपरावरच्या पाली तरी गार झाल्या."

मामाची दुसरी सवय म्हणजे समोरच्याचं बोलणं कळलं नाही की तो "हां, हां" म्हणतो. जितकं कमी कळेल तितका आवाज मोठा. त्यामुळे बँकेत, दवाखान्यात, बाजारात लोकांना तो फार समजूतदार वाटतो. तो प्रश्न सहसा विचारत नाही. माझ्या माहितीत त्यानं एकदाच विचारला, त्याचीच ही हकीकत.

बोर्डीकडच्या एका वाडीत तो चिकू काढायला जातो. तिथल्या बंगल्यामागच्या शेडमध्ये त्याला एक लाल गाडी दिसली. चार लहान चाकं, एक खुर्ची, पुढं स्टेअरिंग आणि पोटाखाली गंजलेलं पातं. खुर्चीतला कापूस उंदरांनी नेलेला. वाडीचे गुजराती शेठ म्हणाले, "घास कापवानी गाडी छे, काका. बेसो ने कापो!" मामा थबकला. त्यानं विचारलं, "बसून? वाकायचं नाय?" शेठ हसून म्हणाले, "बिलकुल नहीं." पुढं शेठ बरंच काही सांगत होते. मामा मोठ्यानं "हां, हां" म्हणत होता.

त्याला त्या दिवशी वेड का लागलं, हे समजायला आमचा माळ माहीत हवा. दसऱ्यानंतर माळावरचं गवत पिवळं पडतं. ते कापायचं, वाळवायचं, भारे बांधायचे. मग ट्रक येतो आणि ते मुंबईकडच्या तबेल्यांना जातं. मामाच्या घरचं अर्धं वर्ष त्या गवतावर निघतं, आणि ते सगळं मामी कापायची. त्या उन्हाळ्यात तिची पाठ धरली. कासा गावच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता वाकायचं काम कायमचं बंद. मामी घरी येऊन म्हणाली, "बंद कसं? गवत काय खाली वाकून माझ्या हातात येल?"

मामीच्या दोन शेळ्या विकल्या गेल्या आणि टेम्पोतून ती गाडी आली. पाड्यावरची सगळी माणसं जमली. कुणी म्हणालं, ट्रॅक्टरचं पिल्लू आहे. कुणी म्हणालं, पायानं अधू माणसांना सरकार देतं ती गाडी. मामी एवढंच म्हणाली, "माझ्या शेळ्या दूध देत होत्या."

सगळा पावसाळा मामा त्या गाडीखाली झोपून होता. खुर्चीवर रिक्षाची सीट बसली, पिठाच्या गिरणीचा पट्टा कापून लागला, मोटारसायकलची बॅटरी आली. आशागडचा मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला, "काका, ही स्कूटर नाय, ट्रॅक्टर पण नाय. मी कुठनं चालू करू?" मामा म्हणाला, "जिथनं खोलता येल तिथनं." मी शिकलेला म्हणून गाडीवरचे स्टिकर वाचायला मला बसवलं. अक्षरं उडाली होती, फक्त चित्रं राहिली होती. हात, पाय, लहान मूल, सगळ्यांवर लाल फुली. मी घाबरत म्हणालो, "मामा, हे धोक्याचं दिसतंय." मामानं चित्रं निरखली. "यात तुझी मामी कुठं हाय? नाय ना? मग झालं."

शेवटी एकदा इंजिन फटफटलं. मामा आनंदानं खाली उतरला आणि ते बंद पडलं. पुन्हा बसला, चालू केलं, ऐकायला उतरला, पुन्हा बंद. दोन दिवस हेच चाललं. मेकॅनिकनं प्लग बदलला, कुणी लिंबू ओवाळलं, मला तर काहीच सुचेना. मग मामी कंटाळून म्हणाली, "मी बसते, तुम्ही बघा," आणि गाडी चालत राहिली. माणूस उठला की इंजिन बंद करणारं बटण सीटखाली असतं, हे मला फार पुढं, कॉलेजातल्या एका मुलाच्या फोनवर कळलं. मामाचं मत वेगळं होतं. गाडीनं मामीला ओळखलं, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

दसऱ्यानंतर गाडीला हळद-कुंकू लावून, नारळ फोडून मामीला माळावर नेलं. गवत छातीएवढं उभं होतं. गाडी आत शिरली, गुरगुरली आणि अडकली. बाजूनं जे बाहेर पडलं ती हिरवी-पिवळी चटणी होती. मामानं पात्यात गुंडाळलेलं गवत उपसलं, पुन्हा गाडी घातली, पुन्हा चटणी. ज्या बंगल्यांसाठी ही गाडी केली, तिथं बोटभर वाढलेलं गवत कापून टाकून देतात. गवत टाकून द्यायचं, हे आमच्या पाड्यावर कुणाला सुचणार? भाव ठरवायला आलेल्या व्यापाऱ्यानं त्यातलं मूठभर उचललं आणि विचारलं, "काका, म्हशीला हे चमच्यानं भरवू का?"

मामा "हां, हां" म्हणाला. पण इतक्या हळू, की मला तो आवाज ओळखू आला नाही. मामीनं गाडीवरून उतरून विळा मागितला. मामानं दिला नाही. विळा हातात घेऊन तो तसाच घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मला पालघरच्या हॉस्टेलवर परतावं लागलं. पाड्यावर फोन लागत नाही. वर्गात बसलो की मनात तेच यायचं. गवत पडून वाया गेलं असेल, की मामी ऐकली नसेल आणि वाकली असेल? दोन्हींतलं काय बरं, तेही मला ठरवता येईना.

दिवाळीच्या तोंडावर आई कासाच्या बाजाराला गेली, तिथून तिनं फोन केला. मामानं पातं काढून टाकलंय. मागं हातगाडी जोडलीय. मामी खुर्चीत बसून माळावरचे भारे रस्त्यापर्यंत आणते.

"आणि कापतं कोण?" मी विचारलं.

"तुझा मामा. चिकूचं काम सोडलंय गवत संपेपर्यंत."

"त्याला जमतं?"

"नाय जमत. नुसतं वाकडंतिकडं कापतो. माणसं हसतात. पण उजाडलं की जातो."

मी विचारलं, मामी काय म्हणते?

"काय म्हणल? दुपारी चहा घेऊन जाते त्याच्यासाठी," आई म्हणाली. "गाडीनं."