बोंब कुणी मारली नाही

माझी वहिनी भित्री आहे. हे मी तिच्या तोंडावर म्हणते आणि ती चिडत नाही, कारण तेवढ्यात ती गॅस बंद आहे का ते पाहायला गेलेली असते. दादा तिला लग्नापासून भागूबाई म्हणत आला. आणि अशा बाईला नोकरी मिळाली ती इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात, डिस्क पुसायची.

इस्पितळाच्या सगळ्या विभागांची माहिती तळघरातल्या एकाच मोठ्या साठ्यात असते. त्यातून ज्याला लागेल तेवढी जागा डिस्क म्हणून काढून देतात. पुढे माणसं नोकरी सोडतात, यंत्रं भंगारात जातात, डिस्क मात्र जागा अडवून बसते. अशा बेवारस डिस्क शोधून जागा सोडवायची, हे वहिनीचं काम. चुकून वापरातली डिस्क पुसली तर संपलंच, म्हणून तिची पद्धत ठरलेली होती. डिस्क कुठल्या यंत्राला जोडलेली आहे का, शेवटची कधी उघडली, मालक कोण, हे बघायचं. काहीच सापडलं नाही तरी पुसायची नाही. नुसती नजरेआड करायची आणि महिनाभर थांबायचं. कुणाची असेल तर तो बोंब मारत येतोच. मग गुपचूप परत जोडून द्यायची. "आज एक बोंब आली," असं ती जेवताना सांगायची, तेव्हा तिच्या जिवात जीव आलेला दिसायचा.

दादाच्या घशाचं ऑपरेशन याच इस्पितळात झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं. त्याआधी स्पीच थेरपीच्या बाईंनी रोज समोर बसवून त्याच्याकडून वाक्यं वाचून घेऊन रेकॉर्ड केली होती. जखम भरली की एक छोटं यंत्र मिळणार होतं. टाईप केलं की ते त्याच्याच आवाजात बोलणार. आमचा दादा म्हणजे अखंड बडबड. तो गप्प झाल्यापासून घरात फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. तो पाटीवर लिहायचा, वहिनी वाचायची. तो कसा बोलायचा ते आपण विसरून जाऊ, अशी मला भीती वाटायची. वहिनीला तर वाटतच असणार.

यंत्र जुळवायच्या दिवशी मी दादाबरोबर गेले. बाईंनी त्यांचा जुना कॉम्प्युटर सुरू केला, इकडे तिकडे शोधलं, आणि म्हणाल्या, "थांबा हं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "थांबा हं." "रेकॉर्डिंग माझ्याकडे नसतात, खाली तळघरात असतात," म्हणत त्यांनी फोन लावला. फोन वहिनीनेच उचलला. बाईंनी डिस्कचा नंबर वाचून दाखवला, आणि पलीकडून आवाजच येईना. बाई हॅलो हॅलो करत राहिल्या. मी जिन्याने खाली धावले.

वहिनी रिसीव्हर हातात धरून बसली होती.

"ती मी सकाळी पुसली," ती म्हणाली. "महिना होऊन गेला होता गं. कुणीच बोंब मारली नाही."

कोण मारणार? बाई तो कॉम्प्युटर पेशंट आला तरच लावायच्या, आणि दादाच्या ऑपरेशननंतर कुणी आलंच नव्हतं. एरवी ती डिस्क कशालाच जोडलेली दिसत नव्हती. वहिनीने सगळ्या विभागांना मेल पाठवला होता, पण त्यात होता डिस्कचा नंबर. त्यावरून बाईंना काय डोंबल कळणार? आणि त्या डिस्कवर दादासारख्या ज्यांचे ज्यांचे आवाज होते, त्यांनी बोंब मारायची कशाने?

"बॅकअप असेल ना?" मी विचारलं.

"बेवारस म्हणून त्यातूनही काढली होती." तिने रिसीव्हर खाली ठेवला. "पुसलेलं लगेच जात नाही. जागा मोकळी आहे एवढंच ठरतं. पण वर काही नवीन लिहिलं की गेलं."

"मग नका लिहू."

"एक्स-रेवाले लिहितायत. ती जागा सकाळीच त्यांना दिली मी. आत्ता, आपण बोलतोय तोवर लिहितायत."

तिचे साहेब मीटिंगमध्ये, फोन बंद. अर्ध्या दिवसाची रजा मागायला जी बाई चार वेळा दारापर्यंत जाऊन परत येते, तिने कुणाला न विचारता एक्स-रे विभागाचं लिहिणं थांबवलं. लगेच फोन खणखणला. "फोटो तुमच्या मशीनमध्येच राहू द्या," ती सांगत होती. "संध्याकाळपर्यंत मावतील तिथे." ती मागे हटली नाही. साहेब तणतणत आले. "कुणाला विचारून बंद केलंत?"

"कुणालाच नाही. मेमो द्या मला, पण आधी पुसलेलं परत काढायला साठ्याच्या कंपनीच्या माणसाला बोलवा."

तो माणूस येऊन कामाला लागल्यावर वहिनी वर आली. दादा बाकावर बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. "अहो," ती म्हणाली, "तुमचा आवाज मी पुसला."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग पाटी उलटी करून मांडीवर ठेवली आणि खिडकीकडे बघत बसला. दादा चिडला की आदळआपट करतो, ते आम्हाला सवयीचं आहे. हे नवीन होतं. मला त्या पाटीची भीती वाटली.

संध्याकाळी आवाज सापडले. बाकीच्यांचे धड निघाले. दादाच्याच काही वाक्यांवर कुणाच्या तरी बरगड्यांचे फोटो चढले होते. उरलेल्यात भागेल, असं बाई म्हणाल्या. पण 'भागेल' या शब्दाने वहिनीला झोप थोडीच लागणार होती? यंत्र तयार होईपर्यंत दादाने तिच्यासाठी पाटीवर चहा आणि औषध यापलीकडे काही लिहिलं नाही. ती कामावर विभागाविभागात स्वतः जाऊन, एकेक डिस्क दाखवून, ही तुमची आहे का, असं विचारत फिरत होती. घरात मात्र तिची काही विचारायची छाती होत नव्हती.

यंत्र मिळालं त्या दिवशी आम्ही दोघी बाईंच्या खोलीत उभ्या होतो. दादा बराच वेळ टाईप करत होता. वहिनीने माझं मनगट इतकं आवळलं की मला कळ आली.

"मला विचारायचं तरी होतंस," यंत्र म्हणालं. थोडं अडखळत, पण दादाचाच आवाज, शेवटचा शब्द तसाच नाकात ओढलेला. "एका शब्दाने विचारलं असतंस तर सांगितलं असतं. बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुझ्याच तळघरात ठेवलाय म्हणून. सगळ्या इस्पितळाला मेल पाठवलास, आणि घरात मी बसलोय."

वहिनी रडत होती. डोळे पुसायचंही तिच्या ध्यानात आलं नाही.

"परत बोला," ती म्हणाली.

दादाने बटण दाबलं. यंत्र पुन्हा पहिल्यापासून तिला रागवायला लागलं.